बिघडलेला रणगाडा: दुरुस्ती, बदली की भंगार?

मागच्या भागात आपण नवीन शस्त्रखरेदीबद्दल बोललो. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की जुनी किंवा बिघडलेली सामग्री असते, तिचं पुढे काय होतं? प्रश्न साधा वाटतो, पण माझ्या मते खरेदीपेक्षा हाच जास्त महत्त्वाचा आहे. म्हणून आजचा भाग त्यावर.

सुरुवात रणांगणापासून करू. तिथे रणगाडा बंद पडला की पहिलं काम दुरुस्तीचं नसतं, तो ओढून मागे आणायचं असतं. त्यासाठी खास रिकव्हरी वाहनं असतात, क्रेन आणि विंच असलेली. हे का गरजेचं? १९६५ ची असल उत्तरची लढाई आठवा. पाकिस्तानचे कितीतरी पॅटन रणगाडे पाणी सोडलेल्या शेतात रुतले. काही तर धड अवस्थेत होते, पण मैदान हातातून गेलं आणि रणगाडेही गेले. म्हणजे ज्याच्या ताब्यात मैदान, त्यालाच दुरुस्तीची संधी.

आता दुरुस्ती. आपल्या लष्करात हे काम ईएमई, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स ही कोअर करते. तिची रचना आपल्या सरकारी दवाखान्यांसारखी समजा. किरकोळ बिघाड युनिटमध्येच निघतो, गावच्या आरोग्य केंद्रासारखा. त्याहून मोठा असेल तर फील्ड वर्कशॉप. आणि पूर्ण वाहन खोलून, एकेक भाग तपासून पुन्हा जोडायचं असेल, म्हणजेच ओव्हरहॉल, तर बेस वर्कशॉप. पुण्यात खडकीला असलेलं ५१२ आर्मी बेस वर्कशॉप हे त्यातलंच. हवाई दलात हीच भूमिका बेस रिपेअर डेपोंची. नाशिकजवळच्या ओझरचा ११ बेस रिपेअर डेपो मिग-२९ आणि सुखोई-३० या विमानांवर काम करतो.

खरी अडचण असते ती सुट्या भागांची. मूळ देशातून पार्ट येईना, मग एका बंद विमानाचे भाग काढून दुसरं उडवायचं. आपण घरी जुन्या मिक्सरचं भांडं नव्याला लावतो ना, तसंच. आजचं काम भागतं, पण ज्याचे भाग काढले ते विमान पुन्हा उभं राहणं दिवसेंदिवस अवघड होत जातं. त्यामुळे हा उपाय तात्पुरताच ठेवावा लागतो आणि कुठला भाग कुठे गेला याची नोंद चोख लागते.

मग बदली कधी? दुरुस्तीचा खर्च परवडेनासा झाला, की अधिकाऱ्यांचं मंडळ तपासणी करून सामग्री बाद ठरवतं. तिथून तिसरा टप्पा, विल्हेवाट. काही रणगाडे चौकात किंवा अहिल्यानगरच्या टँक म्युझियममध्ये जातात. बरंचसं भंगार एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून विकलं जातं. मोठ्या जहाजाचं उदाहरण म्हणजे आपली जुनी विक्रांत. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली, पुढे मुंबईत संग्रहालय म्हणून राहिली. पण धोकादायक झाल्यामुळे २०१२ मध्ये ते बंद करावं लागलं आणि २०१४ मध्ये दारूखान्यात ती तोडायला घेतली. तिचं थोडं पोलाद बजाजच्या एका मोटरसायकलमध्येही गेलं.

लोखंडाचं हे ठीक. दारूगोळ्याचं मात्र तसं नाही. तो नुसता पडून राहत नाही, आतल्या आत खराब होत असतो. ३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली. अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी त्यात गेले. सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांमधून स्फोटक पाझरत होतं, हे नंतर समोर आलं. पुढे नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथेच जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट झाला आणि सहा जण मेले. त्यात मजूरही होते.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की मला दोन गोष्टी दिसतात. सदोष माल साठवून ठेवणं धोक्याचं, आणि घाईगडबडीत किंवा अपुऱ्या काळजीने नष्ट करणंही धोक्याचं. दुरुस्ती, बदली, विल्हेवाट हे तीन पर्याय आपण म्हणतो खरे, पण कागदावर एक चौथाही असतो: निर्णयच न घेणं. फाईल फिरत राहते, माल गोदामात राहतो. लोखंडाच्या बाबतीत त्याने फक्त गंज चढतो. दारूगोळ्याच्या बाबतीत माणसं जातात.

म्हणून पुढच्या वेळी संरक्षण खर्चाची बातमी वाचाल तेव्हा नवीन किती घेतलं एवढंच बघू नका. जुन्याच्या देखभालीला आणि विल्हेवाटीला किती ठेवलंय, तेही बघा.

तुमच्यापैकी कुणी वर्कशॉपमध्ये किंवा डेपोत काम केलं असेल तर जरूर कळवा. पुढच्या भागात भेटूच.