कुत्र्या-मांजरांचा एक्स-रे : काय दिसते, काय दिसत नाही

कुत्रा लंगडतो आहे, मांजर दोन दिवस उलट्या करते आहे. डॉक्टर तपासतात आणि म्हणतात, "एक्स-रे काढून घेऊ." मग पाळणाऱ्यांना प्रश्न पडतात. दोन-दोन एक्स-रे कशाला? भूल कशाला? एवढे करून पुन्हा सोनोग्राफी कशाला? एक्स-रे कसा तयार होतो ते समजले, की या सगळ्यांची उत्तरे मिळतात.

यंत्रातून निघालेले किरण शरीरातून पार होऊन पलीकडच्या प्लेटवर पडतात. वाटेत जिथे ते अडतात, तो भाग चित्रात पांढरा येतो. हवा किरणांना जवळजवळ अडवत नाही, म्हणून फुप्फुसे काळी दिसतात. चरबी गडद करडी, मांसल अवयव आणि द्रव फिकट करडे, हाड पांढरे, तर धातू सर्वांत शुभ्र. डॉक्टरांना या पाचच छटांवरून निदान करायचे असते. रक्त, लघवी, यकृत, स्नायू यांची छटा एकच. त्यामुळे पोटात पाणी झाले असेल, तर अवयवांच्या कडाच हरवतात आणि सोनोग्राफी करावी लागते.

शिवाय हे चित्र म्हणजे सपाट सावली. समोरून जुळलेले दिसणारे हाड बाजूने पाहिल्यावर सरकलेले निघू शकते. म्हणून एक एक्स-रे कुशीवर आणि दुसरा उताणे किंवा पालथे झोपवून काढतात. कर्करोग छातीत पसरला आहे का हे पाहताना डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही कुशींवर एक्स-रे लागतो, कारण खालच्या बाजूचे फुप्फुस दबते आणि त्यातल्या छोट्या गाठी दिसत नाहीत. दुसरा एक्स-रे हा वाढीव खर्च नाही, निदानाचा भाग आहे.

किरण सेकंदाच्या लहानशा अंशापुरतेच सोडले जातात, पण तेवढ्यात जनावर हलले तरी चित्र धूसर येते. मोडलेला पाय ताणून धरणे तर त्याला असह्य होते. म्हणून गुंगीचे इंजेक्शन देतात. त्याआधी किती तास उपाशी ठेवायचे ते विचारा. हृदयाचा किंवा किडनीचा जुना त्रास आणि चालू औषधे न विसरता सांगा. धाप लागलेल्या मांजराला मात्र आधी ऑक्सिजन द्यावा लागतो. टेबलावरची झटापट त्याच्या जिवावर बेतू शकते.

फ्रॅक्चर, गिळलेला खिळा किंवा नाणे, मोठे झालेले हृदय, न्यूमोनिया, पोटाला बसलेला पीळ हे एक्स-रेमध्ये दिसते. कापड, दोरा, पातळ प्लास्टिक सहसा दिसत नाही. आतड्यात साठलेल्या हवेवरून त्याचा अंदाज बांधावा लागतो. म्हणून मोजा गायब असल्याचा संशय असला, तरी तो डॉक्टरांना सांगा. बहुतेक मुतखडे दिसतात, पण डाल्मेशियनमध्ये आढळणारे युरेटचे खडे बऱ्याचदा दिसत नाहीत. गुडघ्याचा तुटलेला लिगामेंट आणि मेंदूही दिसत नाही. गाभण कुत्रीच्या पोटातल्या पिल्लांची हाडे साधारण पंचेचाळिसाव्या दिवसापासून दिसू लागतात. पिल्ले मोजायची असतील, तर पंचावन्न दिवस होऊ द्यावेत.

किरणांची भीती जनावरासाठी बाळगू नका. मात्रा अल्प असते आणि एक्स-रेनंतर त्याच्या अंगात किरण उरत नाहीत. काळजी घ्यायची ती माणसांची. अंतर दुप्पट झाले, की किरणांचा मारा चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणून खोलीबाहेर थांबणे उत्तम. जनावर धरायला सांगितले, तर शिशाचा ॲप्रन, हातमोजे आणि गळपट्टा मागून घ्या. ॲप्रन आजूबाजूला विखुरलेले किरण थोपवतो, थेट झोत नाही. त्यामुळे हातमोजे घातले असले तरी हात झोतात येऊ देऊ नका. गरोदर स्त्रिया आणि अठरा वर्षांखालील मुलांनी त्या वेळी खोलीत थांबूच नये.

शेवटी, एक्स-रेची मूळ डिजिटल फाइल मागून घ्या आणि जपून ठेवा. मोबाइलने काढलेल्या स्क्रीनच्या फोटोत बारकावे हरवतात. पुढच्या वेळी जुना एक्स-रे शेजारी ठेवून पाहता आला, तर आजार वाढला की उतरला हे डॉक्टरांना सांगता येते. आपले जनावर कुठे दुखते ते बोलू शकत नाही. त्याच्या वतीने नीट माहिती देणे आणि नीट प्रश्न विचारणे हे काम आपलेच आहे.