ब्रँच कुठली?

पहिल्याच आठवड्यात पुण्याहून आत्याचा फोन. "ब्रँच कुठली मिळाली रे?" म्हटलं, "अजून घेतलीच नाही." पलीकडे शांतता. मग आवाज खाली आणून, "मॅनेजमेंट कोट्यातून गेलास का?"

तिला समजावणं अवघडच होतं. बर्कलीच्या कॉलेज ऑफ लेटर्स अँड सायन्समध्ये तेव्हा प्रवेश मिळायचा तो कॉलेजात, विषयात नव्हे. कागदोपत्री आम्ही 'अनडिक्लेअर्ड'. पुढे 61ए, 61बी आणि 70 या तीन कोर्सेसमध्ये मिळून सरासरी 3.3 आली की कॉम्प्युटर सायन्स तुमचं.

पुढच्या वर्षी मी 61ए शिकवायला लागलो. तिथे पदवीचीच मुलं धाकट्यांचे छोटे वर्ग घेतात. एका सत्रात दीड हजारांवर विद्यार्थी, व्हीलर सभागृहात खुर्च्या सातशेच्या आसपास, त्यामुळे निम्मी जनता लेक्चर खोलीवर बसूनच बघायची. ओळखपरेडीत जो तो म्हणायचा, "अनडिक्लेअर्ड." आणि लगेच दबक्या आवाजात, "इंटेंडेड सीएस." म्हणजे न ठरलेलं असं कुणाचंच काही नव्हतं. सगळ्यांचं बारावीतच ठरलेलं, फक्त तोंडानं कबूल करायचं नाही. खरोखर गोंधळलेली माझ्या वर्गात एकच मुलगी होती. ती इतिहास शिकायला आलेली, रूममेटनं नाव घातलं म्हणून हिनंही घातलं. मुंग्या आणि मधमाश्यांच्या लढाईचा प्रोजेक्ट तिनं मुदतीच्या दोन दिवस आधी देऊन टाकला. बाकीचे रात्री अकराला सोडा हॉलमध्ये माझ्या नावानं खडे फोडत होते.

खरा घात व्हायचा 70मध्ये. डिस्क्रीट मॅथ्स आणि प्रॉबॅबिलिटी. सिद्धता लिहायच्या, कोड नव्हे. तोवर टॉपर म्हणून मिरवणारी मुलं तिथे पहिल्यांदा गप्प झालेली मी पाहिली. एकानं निकालाच्या रात्री पिझ्झाच्या खोक्यावर बेरीज मांडली: ए मायनस 3.7, बी 3, पुन्हा बी 3. झाले 9.7. हवे होते 9.9. त्यानं ती बेरीज तीनदा केली. मी मुकाट्यानं पिझ्झा खात राहिलो, कारण अशा वेळी काय बोलायचं हे ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवत नाही. तो अप्लाइड मॅथ्सला गेला.

इतिहासवालीची बेरीज 10 झाली. वर्षभरानं कॅम्पसवर भेटली तेव्हा विचारलं, तर म्हणाली, "फॉर्म भरला, पण इतिहासही सोडलेला नाही."

आता तो पिझ्झाचा हिशोब उरलेला नाही. 2023पासून कॉम्प्युटर सायन्सला थेट प्रवेशाच्या वेळीच निवडतात. आत शिरून मागाहून बदलायचं तर वेगळा अर्ज, आणि जागा मोजक्याच. आत्याचा प्रश्न आता तिथेही पहिल्याच दिवशी लागू पडतो.