पुळण जाते कुठे?

माझ्या पीएचडीचा विषय कुणी विचारला, की मी सांगते, ‘वाळू कुठे जाते ते शोधतेय.’ शहरात लोक हसतात. मालवणच्या दक्षिणेला, देवबागात कुणी हसत नाही. कारण देवबाग म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. माड, घरं, विहिरी, सगळं त्या पट्टीवर. तिथे वाळू गेली म्हणजे गावच गेलं.

आधी एक साधी गोष्ट. किनाऱ्यावरची वाळू दर पावसाळ्यात जातेच. जून ते सप्टेंबर उंच, एकामागून एक येणाऱ्या लाटा पुळण खरवडतात. ती वाळू फार लांब जात नाही, थोड्या खोल पाण्यात तिचा बांध तयार होतो. मोठ्या लाटा मग त्या बांधावरच फुटतात, म्हणजे किनारा स्वतःच स्वतःची ढाल उभी करतो! पाऊस सरला की संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. म्हणून जुलैचा फोटो मार्चच्या फोटोशेजारी ठेवून ‘समुद्राने किनारा गिळला’ म्हणणं बरोबर नाही. यंदाच्या मार्चची तुलना मागच्या मार्चशी करायची, तीही अनेक वर्षं.

मोजायला महागडं यंत्रच लागतं असंही नाही. 1961 साली एमरी या शास्त्रज्ञाने सुचवलेली पद्धत आजही चालते. सारख्या उंचीच्या, सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन काठ्या आणि ठरावीक लांबीची दोरी घ्या. एक काठी वर, दुसरी दोरीभर अंतरावर समुद्राकडे उभी धरा. वरच्या काठीमागून बघा आणि खालच्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवा. ती रेघ वरच्या काठीला टोकापासून जितकी खाली छेदते, तितका तिथे उतार. असं करत पाण्यापर्यंत जायचं. शाळेतली मुलंसुद्धा हे करू शकतात.

आता खरी अडचण. वाळू आत-बाहेर करते तशीच ती किनाऱ्यालगत आडवीही सरकते, कारण लाटा बऱ्याचदा तिरप्या येतात. म्हणजे तुमच्या दारातली वाळू शेजारून आलेली असते आणि पुढच्या वाडीकडे निघालेली असते. त्यात भर नदीची. खाडीतून वाळू उपसली, तर किनाऱ्याच्या खात्यात जमाच कमी होते.

अशा ठिकाणी दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा घातला की काय होतं? मागची जमीन वाचते, हे खरं. पण मागची वाळू अडकून पडते. आपटून परतणाऱ्या लाटा बंधाऱ्याच्या पायथ्याची वाळू उकरतात. आणि बंधारा जिथे संपतो, त्याच्या पलीकडे धूप वाढू शकते. घर वाचतं, पुळण आटते.

‘मग आटू दे की!’ असं ज्याच्या पडवीत उधाणाचं पाणी शिरतं तो म्हणणारच, आणि त्याचं चूक नाही. पण त्याच गावातल्या रापणकरांना विचारा. रापण म्हणजे होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे आणि मासळीचे वाटे करायचे. त्याला मोकळी, उतरती वाळू लागते. दगडांवर ना होडी ओढता येते, ना जाळं. पर्यटकही येतात ते पुळणीसाठीच.

म्हणून कुठे बंधारा होणार असं ऐकलंत, तर ‘पाहिजे की नको’ एवढ्यावर थांबू नका. तीन प्रश्न विचारा: इथली वाळू येते कुठून? किती वर्षांची मोजणी हातात आहे? आणि बंधारा जिथे संपतो, तिथे पुढे कुणाचं घर आहे? तिसऱ्याचं उत्तर नकाशात सापडलं नाही, तर वाडीत जाऊन विचारा. तिथे नक्की मिळेल.