कंबर दुखते, इलाज डोक्याला?

बाईची कंबर दुखणं ही आपल्याकडे बातमी नसते. बाळंतपणानंतर दुखायचीच, ओट्याशी उभं राहून दुखायचीच, चाळिशी जवळ आली की दुखायचीच! गरम पाण्याची पिशवी, तेल, डिंकाचे लाडू, औषधाच्या दुकानातला पट्टा, हे सगळं झालं की शेवटी एक्स-रे. त्यातही 'विशेष काही नाही' असं निघालं की घरातली माणसं एकमेकांकडे बघतात. ती नजर कंबरेपेक्षा जास्त दुखते.

अशा भगिनींच्या कानावर हल्ली एक नवा उपचार येऊ लागला आहे. डोक्याच्या बाहेरूनच मेंदूला चुंबकाने किंवा विजेने चालना द्यायची. चिरफाड नाही, भूल नाही. आमच्या शेजारच्या वहिनींना एका क्लिनिकात दहा बैठकांचं 'पॅकेज' सुचवलं, तेव्हा त्यांच्या सासूबाई फणकारल्या, "कंबर दुखते नि इलाज डोक्याला? म्हणजे हिच्या डोक्यातच काहीतरी आहे!" पॅकेजच्या आकड्यापेक्षा वहिनींना हे वाक्य लागलं. म्हणून मी या विषयावर जमेल तेवढं वाचून काढलं.

आधी त्या वाक्याचाच निकाल लावू या. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट म्हणतात. तोवर लचकलेला स्नायू बहुधा भरून आलेला असतो, दुखणं मात्र हटत नाही. इजा होते कंबरेत, पण ती जाणवते मेंदूमुळे. खालून वर्दी जाते. ती किती गंभीर, हे वरचं ऑफिस ठरवतं. वर्दी महिनोन् महिने जात राहिली की मज्जारज्जू आणि मेंदू अतिसावध होतात, आणि केर काढायला वाकलं तरी धोक्याची घंटा वाजते. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायात कळा येतात, त्याला कोणी ढोंगी म्हणतं का? उलट बघा, १९९४ साली अमेरिकेत कंबर मुळीच न दुखणाऱ्या ९८ जणांचं एमआरआय केलं, तर निम्म्याहून अधिक जणांची मणक्यातली एखादी तरी गादी फुगलेली निघाली. म्हणजे चित्रात दिसतं ते दुखतंच असं नाही, आणि दुखतं ते चित्रात दिसेलच असंही नाही. दुखणं मेंदूत जाणवणं वेगळं आणि मनाचे खेळ वेगळे, हे सासूबाईंना कोणीतरी सांगायला हवं होतं. (मी सांगितलं. चहा मिळाला, कबुली नाही मिळाली.)

आता उपचाराकडे वळू. विजेने दुखणं घालवायची कल्पना फार जुनी. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनिअस लार्गस डोकेदुखीवर जिवंत विजेरी मासा लावायला सांगे! आजच्या पद्धती त्यामानाने सभ्य आहेत. एकीत डोक्याजवळ तारेचं वेटोळं धरतात. त्यातून क्षणभर जोरदार वीज सोडली की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते कवटीतून आत जातं आणि मेंदूच्या वरच्या थरात बारीकसा प्रवाह उठवतं. शाळेत फॅरडेचा नियम शिकलो, तोच हा. शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली हे माणसावर करून दाखवलं. दुसऱ्या पद्धतीत ओल्या स्पंजचे दोन तुकडे डोक्याला बांधून एक-दोन मिलिअँपिअरचा प्रवाह वीसेक मिनिटं सोडतात. मानसोपचारातल्या 'शॉक'सारखं हे नाही. तिथे भूल देऊन मुद्दाम फिट आणतात, इथे बाई खुर्चीत जागी बसलेली असते.

पण गुण येतो का? इथे जाहिरात आणि संशोधन यांची फारकत होते. खरी परीक्षा घ्यायची तर काही रुग्णांना खरा उपचार देतात, काहींना लुटुपुटीचा. यंत्र तेच, सुरुवातीची चुणचुणही तीच, पुढे प्रवाह मात्र बंद. कोणाला काय मिळालं हे रुग्णाला ठाऊक नसतं. जर्मनीत कंबरदुखीच्या १३५ रुग्णांवर पाच दिवस अशी विजेची परीक्षा झाली. २०१५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने निकाल छापला: खऱ्यात आणि लुटुपुटीत फरक नाही. २०१८ साली कॉक्रेन या संस्थेने नाना प्रकारच्या जुनाट दुखण्यांवरचे ९४ अभ्यास एकत्र तपासले. चुंबकाने दुखणं थोड्या दिवसांपुरतं सरासरी ७ टक्के उतरलं, आणि रुग्णाला खरोखर जाणवायचं तर निदान १५ टक्के हवं. मी पडले मास्तरीण, मला गुणांत समजतं: दहापैकी अर्धासुद्धा नाही!

अमेरिकेत २००८ साली या चुंबकीय यंत्राला परवानगी मिळाली ती नैराश्यासाठी. तेव्हा कार्डावर 'अमेरिकेत मान्यताप्राप्त' असं दिसलं, तर 'कशासाठी?' असं जरूर विचारा. कंबरेसाठी बांगडी मोडावी इतका पुरावा मला तरी सापडला नाही.

मग करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शन केलं. त्यात व्यायाम आहे, मालिश आहे, दुखणं समजावून सांगणं आहे. आपला लाडका पट्टा आणि वजन लावून ताण देणं मात्र नको म्हटलंय. ऐकायला सोपं आहे हो! पॅकेजसाठी घरात पैसे निघतात, पण रोजचा अर्धा तास निघत नाही. वहिनींनी पॅकेज राहू दिलं आणि संध्याकाळचं चालणं धरलं, तर पहिल्या आठवड्यात "आज कुकर कोण लावणार?" हाच प्रश्न चारदा आला.

तरीही कोणाला हा उपचार करून बघायचाच असेल, तर फिट येत असल्यास, हृदयाला पेसमेकर, डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात ऐकण्याचं यंत्र बसवलेलं असल्यास, दिवस गेले असल्यास डॉक्टरांना आधी सांगा. नंतर डोकं दुखू शकतं, क्वचित फिटही येते. घरी बॅटरी जोडून प्रयोग तर मुळीच नकोत. आणि कंबरदुखीबरोबर पायातली शक्ती गेली, मांड्यांच्या आतली बाजू बधिर झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर कुठलाच घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.