बांधावरची शीर

फुफ्फुस वरून एकसंध दिसतं, स्पंजासारखं. उजव्याचे तीन लोब आणि डाव्याचे दोन, एवढं डोळ्यांना कळतं, कारण त्यांच्यामध्ये फटी असतात. पण प्रत्येक लोबात आणखी लहान वावरं दडलेली असतात. त्यांना सेगमेंट म्हणतात. प्रत्येकाला हवेची स्वतःची नळी आणि स्वतःची धमनी. दोन्ही पाटासारख्या थेट वावराच्या मध्यात शिरतात. शुद्ध झालेलं रक्त परत नेणाऱ्या शिरा मात्र दोन वावरांमधल्या बांधावरून जातात! ही वाटणी कुणी केली असेल, असं मला दर वेळी वाटतं.

१९३३ साली अमेरिकेत सेंट लुईसला इव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कर्करोगासाठी एका रुग्णाचं अख्खं डावं फुफ्फुस काढलं. तो रुग्ण त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं जगला. ग्रॅहम स्वतः १९५७ मध्ये गेले, फुफ्फुसाच्याच कर्करोगाने. पुढे अख्ख्या फुफ्फुसाऐवजी एक लोब काढणं हा नियम झाला. त्याहून कमी काढलं तर गाठ तिथेच परत येण्याचा धोका वाढतो, असं १९९५च्या एका चाचणीने बजावलं होतं.

मग २०२२ मध्ये जपानमधल्या १,१०६ रुग्णांवरच्या नव्या चाचणीचा निकाल आला. गाठी दोन सेंटिमीटरपर्यंतच्या, फुफ्फुसाच्या कडेकडच्या. फक्त सेगमेंट काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के पाच वर्षांनी हयात होते. लोब काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के. आणि आश्चर्य असं, की छातीत त्याच बाजूला रोग परतण्याचं प्रमाण सेगमेंटवाल्यांत जवळजवळ दुप्पट होतं, तरी जगले तेच जास्त. राखलेलं फुफ्फुस पुढच्या आजारपणांत उपयोगी पडत असावं, असा अंदाज आहे. मोठ्या गाठींसाठी आजही सहसा लोबच काढावा लागतो.

पण न दिसणारा बांध सापडतो कसा? बरगड्यांमधल्या छोट्या छेदातून कॅमेरा आत गेलेला असतो. सर्जन आधी रोगट सेगमेंटची धमनी बंद करतात, मग हाताच्या शिरेतून इंडोसायनिन ग्रीन नावाचा रंग सोडतात. अवरक्त प्रकाशात सगळं फुफ्फुस हिरवं उजळतं आणि तेवढं एक वावर काळं राहतं. हा उजेड काही मिनिटांचाच. तेवढ्यात त्या काळोखाच्या कडेने, विजेच्या टोकाने, ठिपक्यामागून ठिपका उमटत जातो.