हवेतील ठोसे

पालकभेटीच्या दिवशी आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. पहाटेची वंदना आटोपली की मैदानाच्या कडेला काही मुलेमुली परस्परांपासून अंतर राखून हवेत ठोसे मारताना दिसतात. समोर प्रतिस्पर्धी नाही, टांगलेली पिशवी नाही, हातमोजेही नाहीत. "गुरुजी, ही पोरं भांडत्यात तरी कुणाशी?" असे एका आजींनी विचारले, आणि पाठोपाठ, "बुद्धाच्या शाळेत मारामारी कशाला?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

या सरावास शॅडो बॉक्सिंग, म्हणजे छायेशी मुष्टियुद्ध, असे म्हणतात. ही प्रथा फार जुनी आहे. प्राचीन ग्रीकांकडे तिच्यासाठी स्वतंत्र शब्दच होता. जोडीदार न मिळाल्यास मुष्टियोद्धा स्वतःच्या छायेशीही झुंजेल, असा उल्लेख प्लेटोच्या 'लॉज' या ग्रंथात आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनिअस याने ऑलिंपिया येथील ग्लॉकस नावाच्या मुष्टियोद्ध्याच्या पुतळ्याचे वर्णन केले आहे. हा शेतकऱ्याचा मुलगा. नांगराचा निखळलेला फाळ त्याने हातोडीऐवजी हाताने ठोकून बसविला, ते पाहून बापाने त्याला स्पर्धेस नेले. तेथे सरावाअभावी तो जखमी झाला, पण बापाने नांगराच्या त्या ठोशाची आठवण करून देताच जिंकला, अशी कथा आहे. (आमच्या मुलांना प्लेटोपेक्षा ही कथा अधिक प्रिय आहे, खरे तर आम्हालाही.) पुतळ्यात मात्र तो फाळ ठोकताना नव्हे, तर छायेशी लढताना दाखविला होता, कारण हातांच्या हालचालीत त्या काळी त्याच्या तोडीचा कोणी नव्हता.

पिशवीवर मारलेली मूठ पिशवीच थांबविते. हवेत मारलेली मूठ आपली आपणच थांबवावी लागते. म्हणूनच तोल गेला की तत्काळ कळते. उजव्या हाताचा मुलगा डावा पाय पुढे ठेवतो, टाच किंचित उचलतो, गुडघे सैल सोडतो. ठोसा खांद्यातून येत नाही. तो मागच्या पायाच्या चवड्यापासून निघतो, कंबरेतून वळतो आणि शेवटी मुठीत पोहोचतो. मूठ गेली त्याच वाटेने, तितक्याच वेगाने हनुवटीपाशी परत यावी. नवख्यांची चूक बहुधा येथेच होते: मारणारा हात परतताना खाली लोंबतो, किंवा दुसरा हात रिकामाच राहतो. प्रत्येक ठोशासरशी श्वास सोडायचा. कोपर झटक्याने पूर्ण ताणायचे नाही, कारण समोर अडविणारे काहीच नसल्याने सांधा दुखावतो. तीन मिनिटांची एक फेरी, मग एक मिनिट विश्रांती. अशा तीन फेऱ्या पुरेशा होतात. पहिल्या फेरीत केवळ पावले आणि डाव्या हाताचा सरळ ठोसा, पुढे जोडठोसे, अखेरीस कल्पनेतला प्रतिस्पर्धी.

तो प्रतिस्पर्धी उलटून मारतो, हे विसरता कामा नये. झुकणे, बाजूस सरकणे, मागे हटणे हा निम्मा सराव आहे. १९०८ साली जागतिक हेवीवेट विजेता झालेला पहिला कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा जॅक जॉन्सन बचावासाठीच ख्यातनाम होता. १९१५ पर्यंत ते पद त्याच्याकडे होते. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा त्या देशात पदोपदी वर्णभेद होता आणि मुष्टियुद्धाचा जगज्जेता मात्र एक कृष्णवर्णीय होता. इतिहासाच्या तासाला हे सांगितले की वर्ग क्षणभर स्तब्ध होतो.

आता दुसरा प्रश्न. छायेशी लढताना कोणालाही इजा होत नाही, आणि आपला हात, पाय, श्वास या क्षणी कोठे आहे याचे भान क्षणभरही सोडता येत नाही. सतिपट्ठानात देहाच्या हालचालींकडे जागरूकतेने पाहण्यास सांगितले आहे. त्याच्याशी हा सराव आम्हाला विसंगत वाटत नाही. शिवाय आमच्या कित्येक मुलांच्या आज्या-पणज्यांना गावात मान खाली घालून चालावे लागले. मुष्टियोद्धाही हनुवटी खाली ठेवतो, परंतु नजर समोरच्याच्या छातीवर व खांद्यावर रोखलेली असते. हा फरक मुलांना फार समजावून सांगावा लागत नाही.

आजींनी शेवटी विचारले, "मग मोजे कधी घालणार?" आम्ही म्हणालो, परतताना हात खाली लोंबायचा थांबला, की.