भंगारातल्या हौसिंगची पारख

बुलढाणा जिल्ह्यात माणसाची ओळख निघाली की पहिला प्रश्न येतो: घाटावरचे की घाटाखालचे? भंगारातून जीपचा मागचा एक्सल निवडायला निघालेल्यानेही आधी या प्रश्नाचं उत्तर द्यावं, मग पाना हातात घ्यावा.

घाटाखाली मलकापूर, नांदुरा, मोताळा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. पूर्णेचं खोरं, काळी भारी जमीन, त्यात खारपाणपट्टा. पावसाळ्यात ही माती चाकाला अशी धरते की टायरवरची नक्षी दिसेनाशी होते. उत्तरेला सातपुडा सुरू झाला की चिखल संपतो आणि दगडगोटे, नाल्यांचे उभे काठ सुरू होतात. राजूर घाट चढून वर आलं की बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा. इथे मुरूम, उतार आणि घाटातली वळणं. एकाच जिल्ह्यात इतकी वेगळी जमीन असल्यावर सगळ्यांना एकच एक्सल चांगला, असं म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

आपल्याकडे हे एक्सल आले कुठून? काही खाजगी शेतकऱ्यांच्या जीपमधून, काही काळी-पिवळीच्या गाड्यांतून आणि उरलेले सरकारी जीपमधून. काळी-पिवळीच्या बहुतेक गाड्या दोनच चाकं ओढणाऱ्या आणि भार वाहून थकलेल्या. सरकारी फोर-बाय-फोर जीप त्या मानाने कमी चाललेली आणि वेळच्या वेळी ऑइल बदललेली असण्याची शक्यता जास्त. पण १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द करण्याचा केंद्राचा नियम लागू झाला. त्या गाड्यांची वाट आता नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राकडे जाते. शिवाय शेजारी जालना आहे. तिथल्या स्टीलच्या भट्ट्यांना भंगार लागतं आणि वितळणाऱ्या लोखंडाला किलोचा भाव असतो. सुस्थितीतलं हौसिंग, म्हणजे एक्सलचं बाहेरचं कवच, आणि वाकलेला कमानपाटा तिथे एकाच काट्यावर चढतात. हौसिंग ओळखता येणाऱ्या माणसाची नजर त्यावर पडली नाही, तर ते सळई होऊन बाहेर येतं. मला हे फार लागतं, कारण असा माल आता नव्याने येणार नाही.

जुन्या जीपच्या एक्सलची वंशावळ अमेरिकेतली आहे. क्लेरेन्स स्पायसर यांनी १९०३ साली युनिव्हर्सल जॉइंटचं पेटंट घेतलं. त्यांच्या कंपनीचा कारभार पुढे चार्ल्स डेना यांच्या हाती गेला. आज जगभर 'डेना' म्हणून ओळखले जाणारे एक्सल त्याच कारखानदारीतले. विलिसच्या सीजे-३बी जीपला मागे डेना ४४ होता. अमेरिकेत ती जीप १९६८ साली बंद झाली. भारतात मात्र महिंद्राने विलिसच्या परवान्यावर सुरू केलेल्या त्या घराण्याच्या गाड्या पुढे कित्येक दशकं रस्त्यावर आणल्या. त्यामुळे आपल्या भंगारात डेना ४४ दिसणं नवलाचं नाही. नवल आहे ते जो-तो जाड एक्सल 'चव्वेचाळीस' म्हणून विकला जातो याचं.

ओळखायचं कसं? एक्सल उलटा-सुलटा करून मागचं झाकण पाहा. डेना ४४ चं झाकण दहा बोल्टचं असतं आणि ते मागून निघतं. गंज खरवडला की हौसिंगच्या ओतीव भागावर, फासळ्यांजवळ '४४' हा आकडा सापडू शकतो. झाकणाच्या एखाद्या बोल्टखाली दातांची संख्या लिहिलेली पट्टी लावलेली असते, पण ती आपल्याकडे क्वचितच टिकलेली असते. दुसरी खूण गोळ्याच्या, म्हणजे डिफरन्शियलच्या फुगवट्याच्या, जागेची. विलिस घराण्याच्या जुन्या फोर-बाय-फोर जीपच्या ट्रान्सफर केसचा मागचा शाफ्ट उजवीकडून निघतो, म्हणून मागचा गोळाही मधोमध नसून उजव्या बाजूला सरकलेला असतो. गोळा बरोबर मध्यावर असेल, तर तो तुमच्या गाडीच्या प्रोपेलर शाफ्टशी तिरपा पडेल का, हे मोजूनच घ्यावं.

हँडब्रेकही सांगतो. जुन्या विलिसमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांना नव्हता, ट्रान्सफर केसच्या मागे वेगळा ड्रम होता. त्यामुळे त्या एक्सलच्या ड्रमला केबलची भोकंच नसतात. तुमच्या गाडीचा हँडब्रेक केबलने मागच्या ड्रमवर येत असेल, तर हा एक्सल बसेल, पण उतारावर गाडी उभी करताना दगड शोधावा लागेल. राजूर घाटात हे परवडणारं नाही.

जिप्सीचं हौसिंग वेगळ्या जातीचं. त्याला मागे झाकण नाही, क्राऊन-पिनियनचा पूर्ण संच पुढच्या बाजूने निघतो. मेळघाटच्या सफारीमुळे आणि संग्रामपूरकडच्या अंबाबरवा जंगलामुळे जिप्सी आपल्याकडे ओळखीची आहे. पण तिचं चाक जीपला बसतं, म्हणजे एक्सलही चालेल, हा समज मोडायला हवा. दोघांच्याही चाकाला पाच बोल्ट आणि १३९.७ मिलिमीटरचं वर्तुळ आहे. शेजारच्या दोन बोल्टच्या मध्यांमधलं अंतर साधारण ८२ मिलिमीटर भरतं. जुळतं ते इतकंच. शाफ्टची जाडी, दात, रुंदी यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दातांचं प्रमाण. भंगारवाल्याच्या आवारात झाकण न उघडताही ते काढता येतं. एक्सल दोन ठोकळ्यांवर ठेवा. एका ड्रमला कोणाला तरी घट्ट धरायला सांगा, दुसऱ्या ड्रमवर खडूने रेघ मारा, पिनियनच्या फ्लँजवर दुसरी रेघ. मोकळा ड्रम बरोबर दोन फेरे फिरवा. एक बाजू धरलेली असल्यामुळे त्या दोन फेऱ्यांत क्राऊन एकच फेरा घेतो. तेवढ्यात पिनियनने किती फेरे घेतले ते मोजा. पाच फेरे पूर्ण होऊन सहाव्याचा तिसरा भाग ओलांडला, तर तो ५.३८ चा संच. सीजे-३बीत हाच असे: क्राऊनला ४३ दात, पिनियनला ८. पाचाला थोडे कमी पडले तर ४.८८, म्हणजे ३९ आणि ८. चार आणि साधारण पाव फेरा भरला तर ४.२७, म्हणजे ४७ आणि ११. धरलेला ड्रम सोडल्यावर एका ड्रमच्या फेऱ्याबरोबर दुसराही त्याच दिशेने, ताठ फिरू लागला तर आतलं डिफरन्शियल कोणीतरी वेल्डिंग करून बांधलेलं असण्याची शक्यता आहे. शेतात ते एकवेळ चालेल, डांबरी वळणावर ते शाफ्ट आणि टायर खातं.

हा आकडा काढल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण पुढचा एक्सलही त्याच आकड्याचा हवा. पुढे ४.८८ आणि मागे ५.३८ असेल, तर गाडी फोर-व्हीलमध्ये टाकल्यावर दोन्ही टोकांत दहा टक्क्यांचा फरक राहतो. ओल्या मातीत चाकं घसरून तो ताण निघून जातो, म्हणून कित्येकांना चूक कळत नाही. कोरड्या रस्त्यावर तो ताण ट्रान्सफर केसवर येतो आणि तिथलं दातेरी चक्र तुटतं. टायरचा हिशेब वेगळा. २८ इंची टायर काढून ३१ इंची घातला तर ४.८८ चा संच प्रत्यक्षात ४.४१ सारखा वागतो. मोठ्या टायरची हौस असेल तर जास्त आकड्याचा संच शोधावा.

शाफ्ट बसवण्याची रीतही पाहावी. फुल-फ्लोटिंग एक्सलमध्ये हबच्या मध्यावर शाफ्टची फ्लँज बोल्टनी घट्ट केलेली दिसते. ते बोल्ट काढले की चाक जागेवर ठेवूनच शाफ्ट बाहेर ओढता येतो, आणि तो तुटला तरी चाक हबवर राहतं. सेमी-फ्लोटिंगमध्ये शाफ्टच चाकाचा भार उचलतो. शाफ्ट तुटला की ड्रमसकट चाक वाट सोडतं. घाटातल्या रस्त्यांसाठी आणि भार वाहण्यासाठी मी फुल-फ्लोटिंगच्या बाजूने मत देईन. सेमी-फ्लोटिंगच मिळाला, तर शाफ्ट बाहेर काढून स्प्लाइन बघावी. तिच्या रेषा सरळ हव्यात. पीळ पडलेला शाफ्ट भंगारातच राहू द्यावा.

झाकण उघडलं की आधी ऑइल बघा. दुधाळ असेल तर गाडी नाल्यात बुडालेली, आत पाणी गेलेलं आणि बेअरिंगला गंज धरण्याची भीती. झाकणाला चिकटलेली बारीक करडी गाद चालते, नखाएवढी पत्री सापडली तर दात झिजलेत. पिनियनची फ्लँज वर-खाली हलवा, तिथे खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं. मग हौसिंग. दोन्ही फ्लँजच्या मध्यातून दोरी ताणा आणि दोन्ही नळ्यांपासूनचं अंतर मोजा. कमानपाट्याच्या बैठकीजवळ जुनं वेल्डिंग असेल तर नळी कधीतरी वाकली होती, असंच समजावं.

रुंदीचा मुद्दा घाटाखाली फार मोठा. जुन्या जीपची दोन चाकांमधली रुंदी सुमारे १,२२५ मिलिमीटर. मागे नव्या, रुंद गाडीचा एक्सल घातला की मागची चाकं पुढच्या चाकांच्या चाकोरीत पडत नाहीत. ओल्या काळ्या जमिनीत प्रत्येक चाकाला आपली वेगळी वाट फोडावी लागते आणि इंजिन त्यातच दमतं. म्हणून मला खारपाणपट्ट्यात जड, रुंद एक्सलपेक्षा पुढच्याच रुंदीचा, जास्त आकड्याचा संच शहाणपणाचा वाटतो. सातपुड्याच्या पायथ्याला तोच न्याय लागू नाही. तिथे जाड शाफ्ट उपयोगी पडतो. पण गोळा जितका मोठा तितका तो खाली लोंबतो आणि दगडाला आधी तोच लागतो, हेही त्याच वेळी तोलावं.

कागदाचं थोडक्यात. एक्सलवर चेसिस नंबर नसतो, त्यामुळे तो चोरीच्या गाडीचा आहे का, हे लोखंड पाहून कळत नाही. विकणाऱ्याची पावती घ्यावी, त्यावर कोणत्या गाडीचा माल ते लिहून घ्यावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत असा बदल करण्याआधी आरटीओकडे विचारून घ्यावं.

बसवताना कमानपाट्याच्या बैठका लगेच पक्क्या वेल्ड करू नयेत. आधी चार टाके मारावेत, गाडी तिच्या पूर्ण वजनानिशी चाकांवर उभी करावी, पिनियनचा आणि ट्रान्सफर केसच्या शाफ्टचा कोन मोजावा, मगच पूर्ण टाका द्यावा. मोकळ्या कमानपाट्यांवर धरलेला कोन वजन पडताच बदलतो आणि युनिव्हर्सल जॉइंटचा क्रॉस पुन:पुन्हा जातो. ऑइल हायपॉइड दातांचं, जीएल-५ दर्जाचं, नव्वद नंबरचं घालावं. तेच उरलं म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू नये, तिथल्या पितळी सिंक्रो रिंगांना ते सोसतंच असं नाही.